शाळा आणि कारखाना : कारागिराचे दोन गुरू

एक शिकाऊ उमेदवार लेथवर पोलादाचा १०० मिलिमीटर व्यासाचा दंड कातीत आहे, असे समजा. काम संपताच तो माप घेतो. ते अचूक भरते. काही वेळाने निरीक्षक तोच दंड मोजतो, तेव्हा तो बारीक भरतो व बाद ठरतो. उमेदवाराचा हात चुकला नव्हता आणि मापनसाधनही सदोष नव्हते. मात्र कातताना दंड तापला होता. तपमान एक अंश सेल्सिअसने वाढले की पोलाद दर मीटरला सुमारे १२ सहस्रांश मिलिमीटर वाढते. म्हणजे ४० अंशांनी तापलेल्या या दंडाचा व्यास सुमारे पाच शतांश मिलिमीटर वाढलेला होता. जेथे दोन शतांशांचीच सूट असते, तेथे ही चूक फार मोठी होय.

प्रसरणाचा हा नियम शाळेत शिकवितात. पण शाळेच्या फळ्यावर तापलेला दंड नसतो. कारखान्यातील जुना कारागीर "थंड होऊ दे, मग मोज" असे बजावतो. पण कारण समजावून सांगण्यास त्याला सवड नसते. केवळ एकाच गुरूकडे शिकलेल्याचे शिक्षण असे अर्धे राहते. म्हणून शिक्षक आणि कारखानदार यांनी मिळून शिकविणे अगत्याचे आहे.

या सहकार्याचा एक व्यवस्थित प्रयोग जर्मनीत झाला. म्यूनिक शहराचे शाळाप्रमुख गेऑर्ग केर्शेनस्टायनर यांनी १९०० च्या सुमारास कामकरी मुलांच्या पूरक शाळांची व्यवसायवार पुनर्रचना केली. तोवर या शाळांत प्राथमिक शाळेतील धडेच पुन्हा गिरविले जात. पुढे १९६९ साली पश्चिम जर्मनीत व्यवसायशिक्षणाचा कायदा झाला. तेथील उमेदवार आठवड्यातील सामान्यतः तीन-चार दिवस कामावर व एक-दोन दिवस शाळेत शिकतो. परीक्षामंडळांत मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांच्या जोडीला व्यवसायशाळेतील शिक्षकही असतात. त्यामुळे काय शिकवावे, याचा निर्णय कोणा एका पक्षाच्या हाती राहत नाही.

आपल्या देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली व तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था वाढल्या. त्यानंतर १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. उमेदवाराला प्रत्यक्ष काम शिकविणे हे या कायद्यानुसार मालकाचे कर्तव्य आहे, तर त्यास जोडून लागणारे सैद्धान्तिक शिक्षण शासनाच्या खर्चाने दिले जाते. नियमांत २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावयाचे असतात.

अशी सक्ती कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. एका मालकाने खर्च करून तयार केलेला कारागीर दुसरा मालक थोड्या अधिक वेतनावर नेऊ शकतो. मग शिकविण्याचा भार कोणीच उचलू इच्छीत नाही आणि कुशल माणसांची वाण सर्वांनाच भासते. सर्वांनी वाटा उचलला तरच ही कोंडी फुटते. परंतु केवळ संख्या भरून भागत नाही. उमेदवारास झाडलोट व ओझी वाहणे एवढेच काम मिळाले, तर विद्यावेतन मिळूनही त्याची वर्षे वाया जातात. संस्थेतील यंत्रे जुनी असली, तर प्रमाणपत्र हाती असूनही तो कारखान्यात नवखाच ठरतो. दोन्ही बाबतींत तोटा होतो तो एका तरुणाचा.

शिवाय शिक्षण उमेदवारीबरोबर संपत नाही. हाताने लेथ चालविणाऱ्या कारागिरासमोर पुढे संगणकाच्या आज्ञेने चालणारे यंत्र येऊन उभे राहते. प्रौढ कामगारांची ही गरज ओळखून १९६७ साली मुंबईत देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ स्थापन झाले. अशा संस्थांना २००० साली जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले. कामगाराची पाळी, त्याचे वय व त्याची निकड पाहून अभ्यासक्रम आखावा, अशी त्यामागील दृष्टी होती. असे वर्ग चालविणे शिक्षकांना शक्य आहे. पण कामगाराला त्या वर्गासाठी वेळ देणे मालकाच्याच हाती असते.

आपल्या गावाजवळ एखादी औद्योगिक प्रशिक्षण संस्था असल्यास तेथे जाऊन दोन प्रश्न अवश्य विचारावेत : येथील शिक्षक कारखान्यात शेवटचे केव्हा गेले होते, आणि कारखान्यातील कारागीर या वर्गात शेवटचे केव्हा आले होते? सहकार्य कितपत जिवंत आहे, हे त्या उत्तरांवरून कळेल.