नकारानंतरचा अर्ज: लखनऊच्या मानक नगरहून मामाचे कानमंत्र

भाचीबाई,

परदेशातल्या विद्यापीठाचा नकार आला म्हणून दोन दिवस खोलीत बसून राहिलीस, ते चालतं. तिसऱ्या दिवशी आंघोळ करायची, पोटभर जेवायचं आणि गेल्या वर्षीची फाईल काढून बसायचं. बारावीचे मार्क कमी आहेत हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आलमबागेपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. तेव्हा ते झाकण्यात वेळ घालवू नकोस. खालची यादी सुचेल तशी लिहिली आहे. क्रमावरून नाक मुरडू नकोस.

१. नकाराची ईमेल पुन्हा एकदा शांतपणे वाच – ‘नाही’, ‘प्रतीक्षा यादीत’ आणि ‘कागद अपुरे’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत, रडताना तिन्ही सारखीच दिसतात.

२. विद्यापीठाला दोन ओळींचं नम्र पत्र लिहून कारण विचार – ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं थोडक्यात सांगतात, अमेरिकेतली सहसा नाही, पण विचारण्याची फी नसते. विचारील त्याची एक फेरी, न विचारील त्याच्या चार.

३. त्या पत्रात वाद घालायचा नाही, मैत्रिणीला मिळालं आणि मला का नाही हेही नाही – पुढच्या वर्षीचा अर्ज त्याच कार्यालयात उघडला जाणार आहे.

४. गेल्या वर्षीचा अर्ज फक्त तारीख बदलून पाठवायचा नाही.

याचं कारण एका डॅशमागे मावणार नाही, म्हणून जरा बैस. आपल्या मानक नगरात आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था १९५७ पासून आहे, आणि रेल्वेला लागणाऱ्या मालाचे नमुने तिथे तपासले जातात हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. नमुना नापास झाला की कारखानदार दोन जातींचे निघतात. एक जण तोच माल नवा रंग मारून परत पाठवतो आणि वर साहेबांच्या ओळखी काढत फिरतो. दुसरा अहवाल मागतो. कुठल्या चाचणीत गेलं ते बोट ठेवून दाखवायला लावतो. रबर मऊ पडलं, माप चुकलं, की वेल्डिंगला चीर गेली, तेवढंच नेमकं सुधारतो, आणि काय सुधारलं त्याचा कागद जोडून पुन्हा येतो. त्याचाही माल कधीकधी पुन्हा पडतो, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या खेपेला त्याचं खोकं उघडताना तपासणारा जरा नीट सावरून बसतो. तू या दुसऱ्या जातीची हो.

५. एका कागदावर दोन रकाने आख: डावीकडे जे आता बदलणार नाही ते, उजवीकडे जे सहा महिन्यांत बदलू शकतं ते – मग डावीकडे बघून उसासे टाकायचे नाहीत, काम सगळं उजवीकडे आहे.

६. जो विषय पुढे शिकायचा आहे त्याचीच सीबीएसईची इम्प्रूव्हमेंट परीक्षा दे, सगळ्यांची नको – भौतिकशास्त्र शिकायला निघालेल्या मुलीचे भौतिकशास्त्राचे मार्क आधी बघतात.

७. जुना आणि नवा, दोन्ही निकाल अर्जाला जोड – एक लपवला आणि तो नंतर सापडला, तर मार्क राहतात बाजूला आणि प्रश्न तुझ्या खरेपणाचा होतो.

८. इम्प्रूव्हमेंट द्यायची नसेल तर घरी ‘गॅप’ घेऊन बसण्यापेक्षा इथे बी.एस्सी.ला नाव घाल आणि पहिलं वर्ष मन लावून कर – ताजे मार्क आले की जुन्यांचा आवाज आपोआप खाली येतो.

९. जर्मनीचा विचार असेल तर हे वर्ष नुसतं शोभेचं नाही – तिथे आपली नुसती बारावी थेट प्रवेशाला पुरत नाही. इथल्या विद्यापीठातलं यशस्वी वर्ष किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड असं काहीतरी सोबत लागतं, आणि ते नसेल तर आधी ‘श्टुडीनकोलेग’ हे पूर्वतयारीचं वर्ष करावं लागतं.

१०. जर्मनीसाठीच एपीएसचा, म्हणजे शिक्षणाचे कागद खरे असल्याच्या प्रमाणपत्राचा, अर्ज सगळ्यात आधी टाक – नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मुलांना ते लागतं, आणि त्याची वाट बघण्यात कित्येकांची मुदत निघून गेली.

११. अमेरिकेत थेट मोठ्या विद्यापीठाचा हट्ट नसेल तर कम्युनिटी कॉलेजची वाट धर, ब्रिटनमध्ये फाउंडेशन वर्षाची – दोन्हीकडे तिथे मिळवलेले मार्क पुढच्या दाराशी बोलतात, शाळेचे मागे पडतात. या वाटेला ‘कमीपणाची’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलांना कुठे पाठवलं ते एकदा विचारून बघ.

मार्कांवरून आठवलं. बाबासाहेब आंबेडकर मॅट्रिकला ७५० पैकी २८२ मार्कांनी पास झाले. त्या काळी मार्क हात आखडून देत, तेव्हा तो आकडा आपल्या बारावीशेजारी ठेवून ‘बघा, त्यांनाही कमीच होते’ म्हणत फिरू नकोस. तुला ते शोभणार नाही. बघायचं ते पुढे आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अर्ध्यावर परत आले. पण निघताना चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी मागून घेतली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पगारातून पैसे बाजूला टाकले, काही मदत शाहू महाराजांची, काही कर्ज एका मित्राचं, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. तिथे डी.एस्सी.च्या प्रबंधावर परीक्षकांनी हरकत घेतली, तो सुधारून आणायला सांगितलं. मुंबईहून दुरुस्त करून पाठवला आणि १९२३ मध्येच तो स्वीकारला गेला. लोक या गोष्टीतली जिद्द सांगतात. मला मात्र ती निघतानाची परवानगी फार मोठी वाटते. नुसतं ‘बघू, जमलं तर येऊ’ म्हणून बोटीत बसले असते तर? आणि दुसरं असं, की लंडनच्या दारात उभे होते तेव्हा हातात कोलंबियाची एम.ए. होती. मॅट्रिकचे मार्क विचारायला तिथे कोणाला सवड होती!

१२. म्हणून उद्या प्रवेश मिळाला आणि पैशांचं जमलं नाही, तर जागा सोडून देऊ नकोस, वर्षभर पुढे ढकलायची लेखी विनंती कर – जाताना दार ओढावं, कुलूप लावू नये.

१३. कमी मार्कांचं कारण चार वाक्यांत सांग: काय झालं, मग काय केलं, आता काय दिसतंय – पाचव्या वाक्यापासून ती सबब वाटायला लागते.

१४. ही चार वाक्यं ‘अतिरिक्त माहिती’च्या चौकटीत टाक, मुख्य निबंधात नको – अमेरिकेच्या कॉमन अ‍ॅप अर्जातल्या निबंधाला जेमतेम ६५० शब्द मिळतात, ते स्वतःची ओळख करून द्यायला ठेव.

१५. शिक्षकांनी मार्क कापले, पेपर कठीण होता, कोविड होता, हे सगळं खरं असलं तरी एकच निवड – तीन कारणं दिली की वाचणारा एकावरही विश्वास ठेवत नाही.

१६. निबंध दुसऱ्याचा उचलू नकोस, इंटरनेटवरचा तर नकोच – ब्रिटनमधले प्रवेशअर्ज घेणाऱ्या यूकॅसकडे आलेले निबंध आधीच्या निबंधांशी ताडून बघायची यंत्रणा आहे, आणि साम्य दिसलं की ते विद्यापीठाला कळवतात.

१७. यूकॅसमध्ये पाच जागा निवडता येतात, पण लिखाण पाचही ठिकाणी एकच जातं. तेव्हा पाचही अभ्यासक्रम एकमेकांचे भाऊबंद असू देत – एकीकडे इतिहास आणि दुसरीकडे संगणक मागितलास तर दोघांनाही वाटतं ही आपल्याकडे चुकून आली.

१८. एका पत्रात एकच मागणी – हे मला गोपाळराव जोश्यांनी शिकवलं. बायकोला, म्हणजे आनंदीबाईंना, अमेरिकेत वैद्यक शिकवावं म्हणून त्यांनी मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं, आणि त्याच पत्रात स्वतःसाठी तिकडे नोकरीही विचारली! उत्तर आलं ते धर्मांतराच्या अपेक्षेचं, म्हणजे नकारच. पण तो पत्रव्यवहार तिकडच्या मासिकात छापला गेला, न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला, आणि त्या मदतीला धावल्या. १८८३ मध्ये आनंदीबाई निघाल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. शाळेच्या मार्कांचा ढीग काही त्यांच्याकडे नव्हता.

१९. म्हणून तुझ्या अडचणीची गोष्ट चार भल्या माणसांना सांगून ठेव, मनात कोंडू नकोस – मदत करणारा माणूस बहुधा आपण अर्ज केला त्या खिडकीत बसलेला नसतो.

आता कागदपत्रं. इथे कंटाळलीस तरी वाचायचंच, कारण खरी माती इथे होते.

२०. पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार शेजारी ठेवून नावातलं एकेक अक्षर बोटाने ताडून बघ – आपल्या मराठी नावांची या प्रदेशात गंमत होते. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे गायब, कुठे आडनावाच्या शेवटी कारकुनाच्या कृपेने एक जास्तीचा ‘वाय’. शाळेत कोणाला खटकत नाही, व्हिसाच्या खिडकीत खटकतं.

२१. चूक सापडली तर आधी दहावीचं प्रमाणपत्र दुरुस्त कर, मग बाकीचं – पुढचे बहुतेक कागद त्याच्याकडे बोट दाखवतात.

२२. शिफारसपत्र देणाऱ्या बाईंचा नंबर आणि ईमेल आजच घे – केंद्रीय विद्यालयातल्या शिक्षकांच्या बदल्या होतात. तू शोधायला जाशील तोवर बाई सिलचरला असतील.

२३. पत्र मागायला महिनाभर आधी जा, आणि सोबत तू काय काय केलंस त्याचा एक पानी कागद दे – चांगल्या शिक्षकालाही दोनशे मुलांतली तू नेमकी कोण हे आठवायला हात लागतो.

२४. त्यांना सांग, मार्क कमी होते हे लपवू नका, नंतर मी काय केलं ते लिहा – नुसत्या स्तुतीचं पत्र आणि खाली पंचावन्न टक्के, हे वाचणाऱ्याला दातात खडा लागल्यासारखं होतं.

२५. आयईएल्टीएस किंवा टोफेल गेल्या खेपेला दिली असशील तर तिची तारीख बघ – गुण दोनच वर्षं चालतात, आणि पुन्हा अर्ज करणारीच यात हमखास अडकते.

२६. सॅट लागते की नाही हे गेल्या वर्षीच्या माहितीवर ठरवू नकोस – २०२० मध्ये खूप विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली, मग एमआयटीने २०२२ मध्ये परत आणली, २०२४ मध्ये हार्वर्ड आणि डार्टमथनेही. नियम बदलतात, ते तुझ्या मामाला विचारून बदलत नाहीत.

२७. मुदतीची वेळ त्यांच्या घड्याळाची असते. यूकॅसची जानेवारीतली संध्याकाळची सहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा – तरी दोन दिवस आधी पाठव. शेवटच्या रात्री वीज, नेट आणि तुझा भाऊ, तिघंही दगा देतात.

२८. दिल्लीला जायचं काम डिसेंबर-जानेवारीत असेल तर एक दिवस आधी निघ – त्या धुक्यात गाडी चारबागहून वेळेवर सुटली तरी गाझियाबादला किती वाजता पोचेल ते ड्रायव्हरही सांगू शकत नाही.

२९. हजरतगंजातल्या एजंटाकडे जायचं तर जा, पण तुझा पासवर्ड त्याला द्यायचा नाही, आणि तो कुठल्या विद्यापीठाचं कमिशन घेतो ते तोंडावर विचारायचं – त्याचा सल्ला वाईट नसेलही, पण तो कोणाच्या पैशाने बोलतो हे आपल्याला माहीत हवं.

३०. प्रवेशपत्र आलं की ते विद्यापीठाच्या स्वतःच्या पत्त्यावर ईमेल करून खरं आहे ना विचार – २०२३ मध्ये कॅनडातल्या कित्येक भारतीय मुलांना कळलं की एजंटाने दिलेलं पत्रच बनावट होतं. त्या डिसेंबरपासून तिथलं सरकार प्रत्येक पत्र संस्थेकडून पडताळून घेऊ लागलं, पण त्याआधीच्या पोरांची वर्षं गेली ती गेलीच.

३१. बाबांना पैशांचं आत्ताच सांग, व्हिसाच्या आठवड्यात नाही – ब्रिटनला पैसे खात्यात सलग २८ दिवस पडून दिसावे लागतात, आणि जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटला २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो. मोडलेली एफडी आणि काकांकडून आदल्या रात्री आलेली रक्कम ओळखू येते.

३२. पुण्याचे नातेवाईक महाराष्ट्र शासनाच्या शिष्यवृत्तीची जाहिरात पाठवतील. उत्साहाने फॉर्म भरण्याआधी पात्रता वाच – अशा बहुतेक योजनांना महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो, आणि घरात मराठी बोललो तरी रेशनकार्ड आपलं लखनऊचं.

३३. ‘याआधी इथे अर्ज केला होता का?’ या प्रश्नाला ‘हो’च लिही – त्यांच्याकडे नोंद आहे. पण ‘व्हिसा कधी नाकारला गेला का?’ हा वेगळा प्रश्न. विद्यापीठाचा नकार म्हणजे व्हिसाचा नकार नाही, घाबरून तिथेही ‘हो’ लिहू नकोस.

३४. इथल्या कॉलेजातली हजेरी सोडू नकोस – तिकडून पुन्हा ‘नाही’ आलं, तर हातात पूर्ण झालेलं वर्ष असलं पाहिजे. आणि दुसरा नकार येऊ शकतो बरं का. त्याची तयारी आत्ताच केली की तो आल्यावर जेवण सुटत नाही.

३५. पोर्टल आठवड्यातून एकदा उघड, रोज नाही. त्याचा पासवर्ड आईकडे कागदावर लिहून ठेव – निकाल नेमका तुझ्या सेमिस्टरच्या पेपरच्या दिवशी लागतो.

रविवारी सकाळी सगळ्या मूळ प्रती घेऊन ये, नावांची अक्षरं एकत्र बसून ताडू. झेरॉक्स तुमच्या घराकडे काढू नकोस; इथल्या कॉलनीच्या फाटकाबाहेरचा पोरगा स्वस्तात काढतो, आणि पान तिरकं आलं तर दुसरं फुकट देतो.