संगणकाची रचना आणि असेंबली भाषा : एक प्राथमिक परिचय

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आज उसाच्या गाडीचे वजन, दूध संकलनाचे माप, बँकेतील खाते आणि परीक्षेचा निकाल या साऱ्या गोष्टी संगणकाच्या हाती गेल्या आहेत. आपण या यंत्राचे नित्याचे वापरकर्ते झालो आहोत. तथापि वापर येणे आणि यंत्र समजणे या दोन भिन्न गोष्टी होत. ज्याला यंत्र समजते, तोच त्याने दिलेल्या उत्तराची शहानिशा करू शकतो. इतरांना ते उत्तर मुकाट्याने स्वीकारावे लागते. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आणि घराण्यात प्रथमच उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. म्हणून प्रस्तुत लेखात संगणकाची अंतर्गत रचना आणि त्याच्या अगदी जवळची भाषा, म्हणजे असेंबली भाषा, यांची ओळख करून देण्याचे योजिले आहे. त्यासाठी वही आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरेसे आहे.

१. संगणकाचे प्रमुख घटक

कोणत्याही संगणकाचे तीन मुख्य भाग मानता येतात. पहिला, प्रक्रिया करणारा प्रोसेसर. दुसरा, आकडे व आज्ञा साठवून ठेवणारी मेमरी. आणि तिसरा, बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण करणारी साधने, उदाहरणार्थ कळफलक आणि पडदा. प्रोसेसरच्या पोटात पुन्हा तीन गोष्टी असतात : बेरीज, वजाबाकी व तुलना करणारा अंकगणित-तर्क विभाग, सर्वांना वेळेवर कामाला लावणारा नियंत्रण विभाग, आणि हाताशी लागणारे मोजके आकडे ठेवण्यासाठी असलेली रजिस्टरे.

हे भाग एकमेकांना तारांच्या समूहांनी जोडलेले असतात. अशा समूहास ‘बस’ म्हणतात. आपल्या भागातील नीरा डाव्या कालव्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. पाणी कोणत्या चारीला द्यायचे, हे आधी ठरते; मग पाटकरी दार उघडतो; आणि नंतर पाणी वाहते. संगणकातही मेमरीतील कोणते घर हवे ते ॲड्रेस बस सांगते, वाचायचे की लिहायचे याचा इशारा कंट्रोल बस देते आणि प्रत्यक्ष आकडा डेटा बसवरून जातो. एका पाळीत एकाच घराशी व्यवहार होतो.

आज्ञा आणि आकडे दोन्ही एकाच मेमरीत ठेवावेत, ही कल्पना आधुनिक संगणकाच्या मुळाशी आहे. प्रोसेसर मेमरीतून एक आज्ञा आणतो, तिचा अर्थ लावतो, ती पार पाडतो आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. पुढची आज्ञा कोठे आहे, हे प्रोग्रॅम काउंटर नावाचे रजिस्टर लक्षात ठेवते. ‘आणणे, उलगडणे, पार पाडणे’ हे चक्र अखंड चालू असते.

२. महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

भारतात रचना होऊन तयार झालेला पहिला मोठा संगणक महाराष्ट्रातच, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधला गेला. प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या तरुण चमूने आधी एक प्रायोगिक यंत्र चालवून पाहिले आणि पुढे ‘टिफ्रॅक’ हा पूर्ण संगणक सिद्ध केला. तो १९६० साली औपचारिकरीत्या कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि त्याच्या मेमरीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने ही मेमरी केवळ १० किलोबाइट भरते. मोबाइलमधील एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला. यंत्राची रचना मुळापासून समजून घेतल्याविना ही दोन्ही कामे झाली नसती.

३. ८०८५ : शिकण्यास सोयीचा प्रोसेसर

इंटेल कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेला ८०८५ हा ४० पिनांचा मायक्रोप्रोसेसर महाराष्ट्रातील अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्र या द्विलक्षी विषयात अनेक वर्षे शिकवला जात आला आहे. तो जुना असला तरी विद्यार्थ्याला संपूर्णपणे आकलन होईल एवढा लहान आहे, हा त्याचा मोठा गुण होय. तो एका वेळी ८ बिटांचा आकडा हाताळतो. त्याच्या १६ ॲड्रेस रेषांमुळे ६५,५३६ घरांपर्यंत पोहोचता येते. ए, बी, सी, डी, ई, एच आणि एल ही त्याची सर्वसाधारण वापराची रजिस्टरे. पैकी ‘ए’ला ॲक्युम्युलेटर म्हणतात, कारण बेरजेचे उत्तर तेथेच जमा होते.

८ बिटांत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. याहून मोठी बेरीज झाली तर काय होते? आपण पाटीवर बेरीज करताना ‘हातचा एक’ धरतो. ८०८५ तो हातचा ‘कॅरी फ्लॅग’ नावाच्या एका बिटात ठेवतो. याशिवाय चिन्ह, शून्य, समता आणि सहायक कॅरी असे आणखी चार फ्लॅग त्यात आहेत.

४. असेंबली भाषा म्हणजे काय?

प्रोसेसरला फक्त ० आणि १ कळतात. ‘मेमरीतील आकडा ए मध्ये घे’ ही आज्ञा त्याच्या लेखी ०११११११० अशी असते. माणसाला हे लक्षात ठेवणे अवघड, म्हणून त्याच आज्ञेला ‘मूव्ह ए, एम’ असे छोटे नाव दिले. अशा नावांची भाषा ती असेंबली भाषा. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला असेंबलर म्हणतात. उच्च स्तरावरील भाषांत एका ओळीमागे अनेक यंत्राज्ञा दडलेल्या असतात. असेंबलीत साधारणतः एका ओळीमागे एकच यंत्राज्ञा असते. म्हणून येथे काहीही झाकलेले राहत नाही.

यंत्रभाषा लिहिताना सोळा-आधारी पद्धत वापरतात. तीत ० ते ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ ही चिन्हे येतात. म्हणून २००९ नंतरचा पत्ता २००ए असतो.

५. एक पूर्ण उदाहरण

समजा, एका संकलन केंद्रावर सकाळी १८० लिटर आणि सायंकाळी ९५ लिटर दूध आले. पहिला आकडा २०५० या घरात, दुसरा २०५१ मध्ये आहे. बेरीज २०५२ मध्ये आणि हातचा २०५३ मध्ये ठेवायचा आहे.

२००० : २१ ५० २० : एलएक्सआय एच, २०५० : एच-एल जोडीत पहिल्या घराचा पत्ता भर
२००३ : ०ई ०० : एमव्हीआय सी, ०० : हातच्यासाठी सी शून्य कर
२००५ : ७ई : मूव्ह ए, एम : पहिला आकडा ए मध्ये घे
२००६ : २३ : आयएनएक्स एच : पुढच्या घराकडे जा
२००७ : ८६ : ॲड एम : दुसरा आकडा ए मध्ये मिळव
२००८ : डी२ ०सी २० : जेएनसी २००सी : हातचा नसेल तर २००सी कडे उडी घे
२००बी : ०सी : आयएनआर सी : हातचा असेल तर सी एकने वाढव
२००सी : २३ : आयएनएक्स एच : पुढचे घर
२००डी : ७७ : मूव्ह एम, ए : बेरीज लिही
२००ई : २३ : आयएनएक्स एच : पुढचे घर
२००एफ : ७१ : मूव्ह एम, सी : हातचा लिही
२०१० : ७६ : एचएलटी : थांब

पहिल्या आज्ञेत २०५० हा पत्ता ‘५० २०’ असा उलटा दिसतो, कारण ८०८५ पत्त्याचा खालचा भाग आधी साठवतो. संपूर्ण प्रोग्रॅम १७ बाइटांचा आहे.

आता उत्तर पाहू. १८० म्हणजे १०११०१०० आणि ९५ म्हणजे ०१०१११११. यांची बेरीज १०००१००११ ही ९ बिटांची येते. त्यांपैकी शेवटचे ८ बिट ए मध्ये राहतात, त्यांची किंमत १९. उरलेला एक कॅरी फ्लॅगमध्ये जातो, त्याची किंमत २५६. दोन्ही मिळून २७५ लिटर. ३ मेगाहर्ट्झ वेगाच्या ८०८५ वर हे सारे काम ७९ ठोक्यांत, म्हणजे सुमारे २६ मायक्रोसेकंदांत उरकते.

समजा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने जेएनसी आणि आयएनआर सी या दोन आज्ञा वगळल्या. यंत्र थांबणार नाही, तक्रारही करणार नाही; ते २७५ ऐवजी १९ लिटर दाखवील. २५६ लिटर दूध नोंदीतून नाहीसे होईल आणि पावतीवरील आकडा मात्र सुबक छापलेला असेल. यंत्र लबाडी करत नाही आणि न्यायही करत नाही. त्याला सांगितले तेवढेच ते करते. हातच्याची जबाबदारी सर्वस्वी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची असते आणि चूक पकडण्याची क्षमता ज्याला ही मर्यादा ठाऊक आहे त्याचीच असते.

६. अभ्यासाची पद्धत

वहीत ए, सी, एच-एल, कॅरी आणि प्रोग्रॅम काउंटर असे पाच रकाने आखावेत. प्रत्येक आज्ञेनंतर कोणत्या रकान्यात काय बदलले ते लिहावे. या पद्धतीने विद्यार्थी स्वतःच प्रोसेसर होतो आणि पाठांतराची गरज उरत नाही. त्यानंतर प्रयोगशाळेतील किटवर सोळा-आधारी आकडे भरून तेच उत्तर येते का, ते पडताळावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियांत्रिकी वा संगणक क्षेत्रात स्थिरावले आहेत, त्यांनी सुटीच्या दिवशी वसतिगृहातील मुलांसोबत असा एखादा प्रोग्रॅम वहीत सोडविला, तरी ते मोठे साहाय्य होईल. पालकांनीही मुलाला एवढे अवश्य विचारावे : हे उत्तर यंत्राने कसे काढले, ते मला समजावून सांगशील का?

स्वाध्याय

१) वरील प्रोग्रॅममध्ये २०० आणि ५५ हे आकडे दिल्यास २०५२ व २०५३ मध्ये काय येईल? (उत्तर : २५५ आणि ०)
२) दोन्ही आकडे १२८ असल्यास काय येईल? (उत्तर : ० आणि १. ए मध्ये शून्य दिसले तरी बेरीज शून्य नाही, हे ध्यानात घ्यावे.)
३) तीन वेळच्या दुधाची बेरीज करण्यासाठी कोणत्या आज्ञा पुन्हा लिहाव्या लागतील, ते ठरवून सुधारित प्रोग्रॅम लिहा आणि जेएनसीचा पत्ता नव्याने काढा.