अनुदान आणि आधार : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात

म्हाताऱ्या माणसाची, अपंगाची, बाळंतिणीची काळजी घरानेच घ्यावी, ही आपली जुनी समजूत. घर पुरे पडत नाही तेथे शेजार धावून येतो. परंतु कर्ती माणसे महिनोन् महिने बाहेर राबू लागली म्हणजे शेजारही रिकामा होतो. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. भात काढून झाला की तरुण जोडपी नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यात मजुरीला जातात. मागे उरतात ती म्हातारी माणसे. त्यांच्या देखभालीसाठी पैसा कोठून यावा, हा या लेखाचा विषय आहे.

कायद्याने जबाबदारी सांगून ठेवली आहे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढे २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत घातले. आरोग्य, महिला व बालविकास, अपंगांचे आणि दुर्बल घटकांचे कल्याण हे त्यांतलेच. काम तर नेमून दिले. आता थैलीकडे पाहू.

पहिला मार्ग ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. त्यातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. एखाद्या बाजारपेठेच्या गावाचे उत्पन्न वर्षाला २० लाख धरले, तर दिव्यांगांच्या वाट्याला १ लाख येतात. डोंगरातील वाड्यांच्या पंचायतीला घरपट्टी-पाणीपट्टीचे १ लाखच जमले, तर ५ हजार. म्हणजे गरज अधिक तेथे पैसा कमी, असा हा उलटा हिशेब होतो.

दुसरा मार्ग केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या मूळ अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिली. उरलेले ४० टक्के अबंधित. गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चावेत, पण त्यातून पगार व आस्थापनेचा खर्च करू नये, अशी अट. या अटीत सारी मेख आहे. या पैशातून खोली बांधता येते, उतरंडीचा रस्ता करता येतो. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीकडे रोज जाणाऱ्या बाईला पगार देता येत नाही. देखभाल म्हणजे मुख्यतः माणसाचा वेळ, आणि नेमका तोच या हिशेबात बसत नाही.

तिसरा मार्ग ग्रामपंचायतीला वळसा घालून जातो. १९८० साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना किंवा श्रावणबाळ योजना यांचे अर्ज तहसील कचेरीत मंजूर होतात आणि रक्कम थेट लाभार्थ्याच्या खात्यावर जमा होते. हे चांगलेच आहे. परंतु खात्यावरचे पैसे विहिरीवरून पाणी आणीत नाहीत, आणि बँकेपर्यंत सोबतही करीत नाहीत. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती गावात असतात. पण त्यांच्या कामाचा मुख्य भर माता-बालकांवर, आणि त्यांना मिळते ते मानधन किंवा कामागणिक मोबदला.

मोठी आपत्ती आली की शासन धावते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, १५१ माणसे दगावली. २०१७ साली नवे गाव उभे राहिले. एकट्या म्हातारपणाची आपत्ती मात्र रोजची असते, म्हणून तिची नोंद होत नाही.

मग उपाय काय? केरळचा दाखला घेण्यासारखा आहे. तेथे १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजना-निधीचा मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे गेला, आणि २००८ च्या परिहार सेवा धोरणानंतर पंचायतींच्या निधीतून परिचारिका घरोघर अंथरुणावरील रुग्णांना भेटू लागल्या. पैशाबरोबर माणूस नेमण्याची मोकळीकही दिली, म्हणून हे घडले.

आपल्याकडेही वाट अगदीच बंद नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांतील पश्चिमेची अनेक गावे १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत. अशा गावांना आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के वाटा थेट देण्याचा निर्णय राज्याने २०१५ साली घेतला. तो कसा खर्चावा हे ग्रामसभा ठरवते, आणि आरोग्य हा त्याच्या मान्य बाबींपैकी एक आहे. ग्रामसभेने गावविकास आराखडा करताना आधी देखभालीची गरज असलेल्यांची यादी करावी, मग रस्त्यांची. शासनानेही कमी उत्पन्नाच्या पंचायतींना झुकते माप द्यावे, आणि देखभाल करणाऱ्या स्थानिक स्त्रीचे वेतन अनुदानातून देण्यास मुभा द्यावी.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावात रस्ते झाडतो, बंधारे घालतो. एका शिबिरात विद्यार्थिमित्रांनी घरोघर जाऊन अशी यादी करून ग्रामसभेपुढे ठेवली, तर निदान मागणी कशाची करावयाची हे गावाला कागदावर दिसेल.