तापात उतरलेलं कोलेस्टेरॉल

डेंग्यूतून उठलेले एक गृहस्थ मध्यंतरी मोठ्या खुशीत रिपोर्ट घेऊन आले. दोन वर्षं १५० च्या खाली न येणारं त्यांचं एलडीएल ऐन तापात काढलेल्या रक्तात ८४ निघालं होतं. "आता गोळी बंद करायची ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी खालच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. एचडीएल २३, ट्रायग्लिसराइड्स २७०. त्या ओळी घरात कोणी वाचल्याच नव्हत्या.

मोठा संसर्ग झाला की यकृताच्या कामाची घडी बदलते. दाहाच्या वेळी लागणारी प्रथिनं ते भराभर बनवू लागतं. एलडीएल आणि एचडीएल दोन्ही घसरतात, ट्रायग्लिसराइड्स मात्र चढतात. दुखणं जितकं जबर, तितकी ही घसरण मोठी. कोविडच्या साथीत जगभरच्या रुग्णालयांत हेच दिसलं. दाखल होताना ज्यांचं एचडीएल फार खाली होतं, त्यांच्यापैकी अधिक जण पुढे गंभीर झाले. तेव्हा तापातला कमी आकडा पाहून हुरळून जाऊ नका, तो आजाराचा जोर सांगतो. लिपिड प्रोफाइल करायचीच असेल, तर ताप जाऊन निदान सहा आठवडे होऊ द्या, जेवणखाण पूर्ववत होऊ द्या.

मग विषाणू एखाद्याला चार दिवसांत सोडतो आणि दुसऱ्याला ऑक्सिजनवर नेतो, ते कशामुळे? वय, लसीकरण ही कारणं आहेतच. पण मला सर्वात जास्त काळजी वाटते ती पोटाच्या घेराची आणि साखरेची. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली, पुण्यात देशातला पहिला बळी गेला, त्याच साथीत लठ्ठपणा हा गंभीर फ्लूचा स्वतंत्र धोका असल्याचं जगाच्या लक्षात आलं. पोटातली चरबी नुसती साठून राहत नाही. ती दाह वाढवणारी रसायनं सतत रक्तात सोडत असते. विषाणू येण्याआधीच अंगात धुमसता निखारा असतो म्हणा ना. वाढलेल्या साखरेने पांढऱ्या पेशी मंदावतात, पोटाच्या दाबाने श्वासपटल नीट खाली जात नाही. त्यात उपचारासाठी स्टेरॉइड द्यावं लागलं की साखर आणखी चढते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने ज्यांचे डोळे, जबडे गेले, त्यांच्यात मधुमेही किती होते, हे आपण विसरता कामा नये.

"मी तर बारीक आहे," असं म्हणून सुटू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्या लोकांची गोम इथे आहे. म्हणून वजनकाट्याइतकाच टेपवर विश्वास ठेवा. पुरुषांचा घेर ९० सेंटीमीटर आणि बायकांचा ८० च्या पुढे गेला, की उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी आणि बीपी तपासून घ्या.

आता गोळ्यांबद्दल, कारण ताप आला की लोक एक तर सगळ्या बंद करतात, नाहीतर डोळे मिटून सगळ्या घेतात. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीने, विषाणू मरत नाही. कोविडच्या गंभीर रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत तिचा ठोस फायदा सिद्ध झाला नाही. पण फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका सुमारे सहापट वाढलेला कॅनडातल्या एका अभ्यासात आढळला आहे. अशा वेळी हृदयासाठी चालू असलेली स्टॅटिन मनाने सोडणं धोक्याचं. इन्सुलिनही स्वतःहून थांबवू नका. याउलट उलट्या-जुलाब होत असतील, पोटात अन्न ठरत नसेल, तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. डेंग्यूची शंका असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते न विचारताही आधी सांगा. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याआधी घ्यावी, आणि ताप अंगावर काढू नये.