अनुभवाचा रकाना

शहाड-उल्हासनगरची मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, रोलसाठी फॉर्म भरतेय. अनुभवाच्या रकान्यात काय लिहू?" मी मराठी मालिकांत छोट्या भूमिका करते आणि एरवी कल्याणच्या एका पतसंस्थेत काउंटर सांभाळते. अभिनयाचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही, त्यामुळे हा प्रश्न कुठून येतो ते मला ठाऊक आहे. माझं उत्तर ठाम असतं : अनुभव नसेल तर 'नाही' असं लिही. या क्षेत्रात नवखेपणा हा दोष नाही. पण नवखेपणाची लाज वाटते आणि त्या लाजेवर कितीतरी जणांची दुकानं चालतात. अशाच एका दुकानात माझ्या वडिलांचे पैसे गेले.

बाबा तेव्हा शहाडच्या रेयॉन कंपनीतून नुकतेच निवृत्त झाले होते. फोनवर एक मेसेज आला : नवी मराठी मालिका, नायिकेची धाकटी बहीण, वय १८ ते २५, अनुभवाची अट नाही. अंधेरीतल्या एका ऑफिसात बोलावलं होतं. बाबा सोबत आले. तिथल्या गृहस्थांनी मला चालायला लावलं, दोन वाक्यं म्हणून घेतली आणि म्हणाले, "चेहरा फ्रेश आहे. पण प्रोफाइल अगदीच कोरं. चॅनेलसमोर काय ठेवू मी?" मग त्यावरचा इलाजही त्यांनीच सांगितला : पोर्टफोलिओ, आर्टिस्ट कार्ड आणि त्यांचंच वर्कशॉप. बाबांनी एवढंच विचारलं, "रोल नक्की ना?" त्यावर उत्तर आलं, "काका, मुलगी मला बहिणीसारखी आहे."

बाबांनी पैसे भरले. त्या दिवसाची पावती मी आजही मुलांना दाखवते. तिच्यावर मालिकेचं नाव नाही, निर्मिती संस्थेचं नाही, भूमिकेचंही नाही. 'रजिस्ट्रेशन चार्जेस' एवढंच लिहिलंय आणि तळाला बारीक अक्षरांत छापलंय की पैसे परत मिळणार नाहीत. फोटोंचा जाडजूड अल्बम मिळाला. त्यात माझा रंग चार छटा उजळ केला होता आणि डोळ्याखालचा तीळ पुसून टाकला होता. पुढे एका खऱ्या ऑडिशनला मी तो अल्बम पुढे केला, तर तिथल्या मुलीनं तो बाजूला ठेवला आणि म्हणाली, "फोनमध्ये साधा फोटो आहे का तुझा?" अंधेरीचं ते ऑफिस तोवर बंद झालं होतं.

यातून मला एक खूण कळली : पैसा कुठून कुठे जातोय ते पाहायचं. कलाकार शोधून देणाऱ्या कास्टिंग डिरेक्टरला निर्माता पैसे देतो. कामं मिळवून देणारा कोऑर्डिनेटर कमिशन घेतो, पण काम झाल्यावर, मानधनातून. कामाआधी तुमच्या खिशातून पैसा निघत असेल, मग त्याला रजिस्ट्रेशन म्हणा, डिपॉझिट म्हणा की ड्रेसचा खर्च म्हणा, तर तिथे भूमिका नाही, गिऱ्हाईक शोधलं जातंय. कार्डाचंही तेच. ऑडिशन द्यायला कुठलंच कार्ड लागत नाही. 'सिंटा' ही कलाकारांची संघटना आहे; तिचं सदस्यत्व संघटनेकडूनच मिळतं, एजंटाच्या टेबलावर विकत मिळत नाही.

खरी ऑडिशन कशी असते ते एकदा पाहून ठेवा. वर्सोव्याच्या आरामनगरात जुन्या बैठ्या बंगल्यांमध्ये कास्टिंगची ऑफिसं आहेत. दारात उभा असलेला मुलगा वर-खाली बघतो आणि कित्येकदा आत जाण्याआधीच सांगतो, "नॉट फिट." हे मनाला लावून घेऊ नका. त्यांना उंच मुलगी हवी असते, तुम्ही बुटक्या असता, एवढाच त्याचा अर्थ. आत घेतलं तर हातात एक कागद मिळतो. तो पाठ करायला थोडा वेळ देतात. मग कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवायच्या, प्रसंग करायचा आणि निघायचं. तोंडावर स्तुती फारशी कोणी करत नाही. निवड झाली तर फोन येतो, नाही तर येत नाही. फारच भरभरून कौतुक झालं तर उलट जास्त सावध राहा.

नवख्यांना खरोखर संधी मिळते का? मिळते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तल्या सोमनाथ अवघडेनं आधी चित्रपटात काम केलं नव्हतं. त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट' २०१६ साली आला तेव्हा अकलूजची रिंकू राजगुरू शाळेत शिकत होती. पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'नं. त्यात लोकशाहीर नारायण कांबळेंची भूमिका करणारे वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते आणि संपादक होते, व्यावसायिक नट नव्हते. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी मात्र राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या. दोघं एकाच चित्रपटात आहेत आणि कोण शिकलेलं, कोण न शिकलेलं हे पडद्यावर ओळखू येत नाही. साथीदारांच्या रकान्यात अभिनय नव्हता, पण चळवळीत घालवलेलं आयुष्य होतं आणि दिग्दर्शकाला तेच हवं होतं. निळू फुले पुण्यात माळ्याचं काम करत आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात उभे राहत. तिथून ते लोकनाट्यात गेले आणि मग १९६८च्या 'एक गाव बारा भानगडी'त.

म्हणून अनुभवाच्या त्या रकान्यात जे खरं आहे ते लिहा. आपल्या भागातल्या मुलांकडे एक गोष्ट आयतीच असते, तिची त्यांना किंमत नसते. शहाडला एका बाजूला सिंधी बोलणारं उल्हासनगर आहे, आजूबाजूच्या गावांत आगरी बोली आहे, आणि रेयॉन कंपनीमुळे कुठून कुठून आलेली कुटुंबं आहेत. एकाच मुलीच्या कानावर घरात मालवणी किंवा अहिराणी, बाजारात सिंधी आणि गाडीत मुंबईची हिंदी पडते. भाषा लिहा, बोली लिहा. पोहता येतं, बुलेट चालवता येते, ढोल वाजवता येतो, भाकरी थापता येते, सगळं लिहा. पण न केलेली मालिका लिहू नका. पुढचाच प्रश्न येतो, "दिग्दर्शक कोण होतं?" आणि समोरचा बहुधा त्याला ओळखत असतो.

फोटोसाठी खिडकीचा उजेड आणि साधी भिंत पुरते. एक फोटो चेहऱ्याचा, एक बाजूने, एक पूर्ण उंचीचा; फिल्टर नको. घरून व्हिडिओ पाठवायचा असेल तर फोन आडवा धरा, छातीपासून वर दिसा आणि समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागून कोणालातरी वाचायला लावा. पंखा बंद करा, आवाज त्यानेच बिघडतो.

अनुभव हवाच असेल तर तो विकत घेऊ नका, मिळवा. कल्याणात अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीत फुले कलामंदिर. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थांना तालमीला माणसं कायम कमी पडतात. घरात कोणी कामगार असेल तर कामगार कल्याण केंद्रात चौकशी करा; त्यांच्याही नाट्यस्पर्धा होतात. कॉलेजात असाल तर एकांकिका करा. पैसे गेल्यावर मी अशाच एका हौशी संस्थेत गेले. सुरुवातीला प्रॉपर्टी लावायचं काम मिळालं. विंगेत उभं राहून रोज तेच नाटक ऐकताना कळलं की नट आपली वाक्यं नीट बोलतो, पण दुसऱ्याची वाक्यं नीट ऐकत नाही, तिथे प्रवेश पडतो. त्या वर्कशॉपात हे कोणी सांगितलं नव्हतं.

मुलींना एक गोष्ट स्पष्ट सांगते. ऑडिशन ऑफिसात किंवा स्टुडिओत होते, दिवसा होते, तिथे इतर उमेदवार असतात. हॉटेलची खोली, कोणाचा फ्लॅट, रात्रीची 'मीटिंग' आली की नकार द्या. 'कॉम्प्रो', म्हणजे कामाच्या बदल्यात शरीराची मागणी, हा शब्द आला की बोलणं तिथेच थांबवा आणि मेसेज जपून ठेवा. घरच्यांना सांगा. घरच्यांनीही "तरी म्हणत होतो" असं म्हणू नये. मग मुलगी पुढच्या वेळी सांगत नाही.

लहान मुलांच्या आईवडिलांनी नियम माहीत करून घ्यावेत. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो.

पैसे ऑनलाइन गेलेच असतील तर लाजून बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. रोख दिले असतील तर पावती आणि मेसेज घेऊन पोलीस ठाण्यात जा. आम्ही गेलो नाही, कारण चार लोकांत नाव होईल असं आईला वाटलं. त्याच ऑफिसात आमच्यानंतर कल्याणची आणखी मुलं गेली.

आणि रोल मिळालाच तर नोकरी लगेच सोडू नका. मालिकेचं मानधन बऱ्याचदा नव्वद दिवसांनी हाती येतं. रोजचे किती, किती दिवस, कपडे कोणाचे, हे मेसेजवर का होईना, लिहून घ्या. शिफ्ट बारा तासांची असते. गोरेगावच्या चित्रनगरीतून निघून दादरला गाडी बदलायची आणि बदलापूर-अंबरनाथ नाही, टिटवाळा, आसनगाव किंवा कसारा धरायची, तेव्हा शहाड येतं. म्हणून पॅकअपला उशीर झाला तर घरी सोडायला गाडी मिळेल का, हे आधीच विचारा. मीरा रोडपर्यंत ते चटकन हो म्हणतात. शहाड म्हटलं की "ते कुठे आलं?" असं विचारतील. कल्याणच्या पुढचं स्टेशन, कसारा लाइन, असं सांगा आणि हो की नाही ते कळेपर्यंत फोन ठेवू नका.