चोरकप्प्याची फळी पावसाळ्यात का अडते?

प्रश्न : सागवानी पेटीला सरकत्या फळीचा चोरकप्पा केला. उन्हाळ्यात फळी अलगद सरकायची, आता हलतच नाही. सैल केली तर गुपित उघडं पडेल ना?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काळजी नको. पेटीचं गुपित फळ्या सरकवण्याच्या क्रमात असतं, घट्टपणाची त्याला गरज नाही. जपानमधल्या हाकोनेच्या हिमित्सु-बाको पेट्यांच्या फळ्या बोटाने सरकतात. मात्र पहिली हलल्याशिवाय दुसरी सुटत नाही आणि सांध्याची रेघ योसेगी नक्षीत हरवते. तुमची फळी दमट हवेने फुगली आहे. लाकूड रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून ठोकू नका, खाच फुटेल. हवा कोरडी झाली की फळी सुटेल. मग रुंदीला रंध्याचा हलका हात मारा, खाचेत मेण चोळा. तेल नको, त्यात धूळ चिकटते. फट दिसण्याची भीती रास्त आहे. ती कडेच्या पट्टीखाली घ्या.