सीओईपीची मेटलर्जी की जळगावची कॉम्प्युटर?

प्रवेशाच्या दिवसांत नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याच्या एखाद्या सायबर कॅफेत डोकावलं, तर हा वाद हमखास कानावर पडतो. मुलीला कॉम्प्युटर हवंय आणि ते जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळेल असं दिसतंय. पुण्याची सीओईपीही पर्सेंटाइलमध्ये बसतेय, पण तिथे हाती लागणार मेटलर्जी. पपईची गाडी भरून थेट आलेले वडील म्हणतात, ‘‘नाव मोठं ते घे. ब्रँच काय, नंतर बदलता येते म्हणे.’’ मुलगी स्क्रीनवरून नजर हलवत नाही.

आधी तपासायला हवं ते हे ‘म्हणे’. ब्रँच बदलून मिळते ती पहिल्या वर्षाच्या गुणांवर, आणि तीही जागा रिकामी असेल तरच. काही आयआयटींनी तर ही सोयच बंद केली आहे. त्यामुळे मेटलर्जी घ्यायची तर चार वर्षं मेटलर्जीच शिकायची, असं धरून चालावं.

शिवाय ऑप्शन फॉर्ममधला क्रम कुणाची भीड धरत नाही. २०२५-२६ च्या कॅप (केंद्रीभूत) प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो घेणं बंधनकारक होतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही. ‘नुसतं वर टाकून ठेवू’ म्हणून टाकलेलं नाव असंच गळ्यात पडतं. नियम दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायलाच हवी.

मग ब्रँच मोठी की कॉलेज? हे पुढच्या वाटेवर ठरतं. महावितरणमध्ये विद्युत अभियंता व्हायचं तर इलेक्ट्रिकलची पदवी लागते, बांधकाम विभागात सिव्हिलची. तिथे कॉलेजचं नाव विचारत नाहीत. यूपीएससीच्या नागरी सेवांना आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते. मोठ्या आयटी कंपन्या बहुतेक सगळ्या ब्रँचची मुलं घेतात, पण त्या कॅम्पसवर येतात का, हे कॉलेजवर अवलंबून. १८५४ पासूनचं सीओईपी इथे उजवं ठरतं. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जळगावच्या कॉलेजात गेल्या तीन वर्षांत कोण आलं, किती मुलं घेतली, हे तिथल्या प्लेसमेंट सेलला फोन करून विचारता येतं.

नंदुरबारकरांच्या हिशेबात आणखी एक खोच आहे. ताप्ती लाइनवरची गाडी धरली तर सुरतचं एसव्हीएनआयटी पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. पण एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या-त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, त्यामुळे सुरतेत नंदुरबारचा विद्यार्थी परराज्यातला ठरतो आणि लांबच्या नागपुरात, व्हीएनआयटीत, घरचा! अंतर आणि हक्क इथे उलट्या दिशांना जातात.

पैशांचंही तसंच. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. तिची रक्कम शहरानुसार ठरते. पुण्या-मुंबईला जास्त, लहान गावांना कमी. पुण्याचं भाडं त्यात भागेल का, हे घर सोडण्याआधी मांडून पाहावं. आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे सगळे म्हणतात ती ‘व्हॅलिडिटी’, हातात नसेल तर ब्रँच-कॉलेजचा वाद बाजूला ठेवून आधी नंदुरबारच्या तपासणी समितीचा रस्ता धरावा.

मधली वाटही आहे. अनेक कॉलेजांत जादा १८ ते २० क्रेडिट पूर्ण केले की दुसऱ्या विषयात ‘मायनर’ मिळते. मेटलर्जी करता करता कॉम्प्युटरचे विषय शिकता येतात, पण तो भार नेहमीच्या अभ्यासावरचा. मूळ विषयच नकोसा असेल, तर हे जादा ओझं उचलायचं कुणी?

कॅफेत वडील थोडा वेळ गप्प बसतात. मग विचारतात, ‘‘या मेटलर्जीत शिकवतात तरी काय?’’ मुलगी सीओईपीच्या संकेतस्थळावर तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडते. मागे रांगेत उभा असलेला मुलगाही वाकून वाचू लागतो.